डेटोनाचे विजेतेपद आणि त्यानंतर

एप्रिल २०२३ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील डेटोना बीच येथे नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशनच्या महाविद्यालयीन स्पर्धा झाल्या. त्यांतील एका विभागात ह्यूस्टनच्या टेक्सास सदर्न विद्यापीठाचा संघ पहिला आला. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या एखाद्या विद्यापीठाला या स्पर्धेत विजेतेपद मिळण्याची ही पहिलीच वेळ. आयपीएलमुळे ज्यांचा या प्रकाराशी परिचय झाला, त्यांना ही वार्ता किरकोळ वाटेल. परंतु स्पर्धात्मक चिअरलीडिंग म्हणजे सीमारेषेबाहेरचा नाच नव्हे. दोनअडीच मिनिटांत कोलांट्या, मानवी मनोरे आणि सहकाऱ्याला हवेत उंच फेकून अचूक झेलणे, असा तो जोखमीचा प्रकार आहे. दहीहंडीचे थर पाहणाऱ्यांना त्यातील धोका समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्या विद्यापीठाने हे यश मिळविले, त्याचा जन्मच मुळी अपमानातून झालेला आहे. हेमन स्वेट या ह्यूस्टनमधील टपाल कर्मचाऱ्याने १९४६ साली टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मागितला. त्याला गोऱ्यांच्या वर्गात बसू द्यावे लागू नये, म्हणून राज्य सरकारने १९४७ साली चक्क निराळे विद्यापीठच काढले! 'टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटी फॉर निग्रोज' हे त्याचे मूळ नाव. आजचे नाव १९५१ पासूनचे. स्वेट यांनी ही सोय नाकारली आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालयाकडून आपला हक्क मिळविला. डेटोनाचा इतिहासही फारसा वेगळा नाही. तेथील किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. म्हणून मेरी मॅक्लिऑड बेथ्यून या शिक्षणतज्ज्ञ महिलेने सहकाऱ्यांसह चाळिशीच्या दशकात स्वतंत्र किनारा खरेदी केला होता.

चिअरलीडरची जागाही या समाजाला सुखासुखी मिळाली नाही. १९६९ साली नॉर्थ कॅरोलायनातील बर्लिंग्टन येथे शाळेच्या पथकात एकाही कृष्णवर्णीय मुलीची निवड झाली नाही, यावरून निदर्शने झाली, दंगल उसळली आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा गोळीला बळी पडला. त्या पथकात उभे राहणे म्हणजे शाळेचे प्रतिनिधित्व करणे, हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते.

कृष्णवर्णीय महाविद्यालयांनी मात्र आपली स्वतंत्र शैली घडविली. व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायनात रुजलेल्या 'स्टॉम्प अँड शेक'मध्ये पाय आपटून धरलेला ठेका, टाळ्या आणि सवालजवाबासारख्या आरोळ्या यांना महत्त्व असते. रूढ स्पर्धांची गुणपद्धती मुख्यतः कोलांट्या आणि मनोरे मोजते. त्यामुळे जिंकायचे तर दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजून घ्यायचे, अशी अडचण उभी राहते. टेक्सास सदर्नच्या संघाने ते माप पार केले, याबद्दल त्याचे कौतुक निःसंशय व्हावे. पण परंपरेने जपलेल्या शैलीला गुण नसावेत, हे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. स्पर्धात्मक चिअरलीडिंग समान संधीच्या कायद्यापुरते खेळ ठरत नाही, असा निर्णय क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात २०१० साली संघराज्य न्यायालयाने दिला आणि २०१२ साली तो अपिलातही कायम राहिला. खेळ नाही म्हटल्यावर शिष्यवृत्ती व वैद्यकीय व्यवस्था यांवरील आग्रहही दुबळा होतो; हाड मोडायचे ते मोडतेच. त्यातून या संस्थांची तिजोरी आधीच रिकामी. सोळा राज्यांनी आपल्या कृष्णवर्णीय कृषी विद्यापीठांना तीन दशकांत बारा अब्ज डॉलर्सहून अधिक रक्कम कमी दिली, असे संघराज्य सरकारनेच २०२३ साली त्या राज्यांच्या गव्हर्नरांना कळविले.

पहिलेपणाचा गौरव किती काळ टिकतो, याचे उदाहरण नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले, त्या डु बॉईस यांचे हे विद्यापीठ. अशा संस्थांपैकी पहिला महिला जिम्नॅस्टिक्स संघ त्याने २०२३ साली स्पर्धेत उतरविला, २०२४ साली त्याच्या खेळाडूने दहापैकी दहा गुण मिळविले, आणि २०२५ साली, पुढील हंगामानंतर संघ बंद करण्याचे जाहीर झाले. त्यांच्या क्रीडा परिषदेत या खेळाला मान्यता नव्हती, हे त्यामागील एक कारण होते. चिअरलीडिंगच्या बाबतीत या परिषदांनी स्वतःच स्पर्धा भरवाव्यात, स्वतःचे परीक्षक नेमावेत आणि मुलींच्या शिष्यवृत्तीची तरतूद पहिल्या वर्षापासून अंदाजपत्रकात करावी.