घडीचा चाकू

“मामाजी, तो चाकू घरी ठेवा. बाजारात लोक काय म्हणतील?” बागेकडे निघालो की सूनबाई हटकते. आम्हा रामटेककरांना हा प्रश्न शोभत नाही! जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो काय नखाने? पानमळ्यातली गाठ कापायची, ती काय दाताने?

कायदासुद्धा एवढा भित्रा नाही. १९६२ च्या शस्त्रनियमांनी यादीत धरली ती ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पाती; त्यांतूनही घरकामाची नि शेतीची वगळली. २०१६ च्या नियमांनीही ती सूट राखली. माझे पाते जेमतेम ३ इंचांचे!

चाकूने रक्त निघते, हे मान्य. म्हणूनच तो लहानपणी शिकवावा लागतो : पाते अंगापासून दूर धरावे, काम संपताच मिटावे, दुसऱ्याला देताना मूठ पुढे करावी. लपवून ठेवल्याने हे कोण शिकणार?

परवा नातू पुड्याची दोरी दाताने तोडताना दिसला. तेव्हाच ठरवले, भाऊबीज आटोपली की त्याला बागेत न्यायचे. माझाच चाकू, मूठ पुढे करून, त्याच्या हाती द्यायचा. सूनबाईने खुशाल रागवावे. पेरूची पहिली फोड तिलाच!