संगणकाने दुकानात सूर लावावा काय?

आता खुटबावसारख्या गावातही दुकानाचा हिशोब संगणकावर होऊ लागला आहे. त्यामुळे यंत्र किंवा प्रोग्रॅम उघडताच कंपनीची धून वाजावी की नाही, हा प्रश्न आम्हा कापड व्यापाऱ्यांचाही आहे.

धूनने नाव लक्षात राहते, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. ब्रायन ईनो यांनी विंडोज ९५ साठी केलेली सुमारे सहा सेकंदांची धून आजही अनेकांच्या कानात आहे. पण तेव्हा यंत्र सुरू व्हायला वेळ लागे. धून वाजली की ते तयार झाल्याचे कळे. पैसे जमा झाल्याचे सांगणारा साउंडबॉक्सही असाच कामाचा. कामाच्या आवाजाला आमची हरकत नाही.

नुसत्या नावासाठीच्या आवाजाला आहे. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधणारे येतात, तसे कफनाचे कापड नेणारेही येतात. त्यांच्यासमोर संगणकाने सूर लावणे शोभत नाही.

गिरणी आपले नाव ताग्याच्या किनारीवर छापते. शिवताना किनार आत जाते. तरी कापड चांगले निघाले तर गिऱ्हाईक तेच नाव पुन्हा मागते.

ॲपलने २०१६ साली नव्या मॅकबुक प्रोमधून सुरुवातीचा सूर काढला. २०२० साली तो परत आणला, तेव्हा बंद करण्याची सोयही दिली. आमचे मत एक पाऊल पुढचे आहे: धून मुळात बंदच असावी, हवी त्याने चालू करावी. दुकान ज्याचे, हुकूम त्याचा.