चावडीवरची सूचना

‘मराठी विकिपीडियाचा दर्जा फार घसरला आहे. कुणी लक्ष देते की नाही?’ मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, कुणी अशा दोन ओळी लिहून गेले, तर पुढे काय होईल? बहुधा काहीच नाही. लिहिणाऱ्याचा राग खरा असेल, मुद्दाही खरा असेल. पण वाचणाऱ्याने उठून नेमके काय करायचे, याचा त्या ओळींत पत्ता नाही.

आता दुसरी सूचना पाहा. ‘गावाच्या लेखात यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते असे म्हटले आहे (दुसरा परिच्छेद, शेवटचे वाक्य). प्रत्यक्षात ती वद्य अष्टमीला भरते. जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे, पान क्रमांक खाली देतो.’ हिच्यात गोड शब्द एकही नाही. तरीही वाचणारा पाच मिनिटांत गॅझेटिअर उघडतो, खात्री करतो आणि वाक्य दुरुस्त करतो. सूचनेची उपयुक्तता तिच्या सुरावर मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे. आधी दोन वाक्ये कौतुकाची, मध्ये टीका, शेवटी पुन्हा कौतुक, असा घाट शिकवणाऱ्या कार्यशाळाही भरतात. सौजन्य हवेच, पण पत्ता नसलेले पाकीट कितीही सुबक असले तरी पोचत नाही.

ही गोष्ट संगणकक्षेत्रातल्या लोकांनी फार आधी ओळखली. ‘पुटी’ या प्रोग्रॅमचा कर्ता सायमन टॅथम याने १९९९ मध्ये प्रोग्रॅममधला दोष कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. ‘चालत नाही’ एवढेच कळवणाऱ्यांना तो कंटाळला होता. त्याचे म्हणणे साधे आहे: तुम्ही काय केले, काय होईल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे सांगा. आपला तर्क सांगायचा असेल तर जरूर सांगा, पण जे घडले त्याच्या जागी तो ठेवू नका. माणसांच्या समूहालाही हे तंतोतंत लागू पडते. ‘इथे नव्यांना हाकलतात’ हा तर्क झाला. ‘मी केलेला बदल कारण न देता उलटवला गेला, चर्चा पानावर विचारले, उत्तर आले नाही’ ही घटना. तर्कावर भांडण होते. घटना पानाच्या इतिहासात कुणालाही पाहता येते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो लिहिणारी, तपासणारी, निस्तरणारी माणसे बिनपगारी आहेत. प्रचालकाकडे पान वगळण्याचे किंवा सुरक्षित करण्याचे अधिकार असतात, पण हे काम तो नोकरी-संसारातून उरलेल्या वेळात करतो. त्यामुळे ‘तुम्ही हे करायला हवे’ या वाक्यातल्या ‘तुम्ही’ला तिथे फारसा अर्थ नाही. एखादे पान सुधारण्याचा जेवढा अधिकार इतरांना आहे, तेवढाच सूचना करणाऱ्यालाही आहे. विधानाला आधार दिसला नाही की त्याच्यापुढे बारीक अक्षरांत ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावण्याची तिथे पद्धत आहे. आमच्या मते सूचनेचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही. उणीव कोणती, ती नेमकी कुठे, हे दोन शब्दांत कळते, लेखकाची अक्कल निघत नाही आणि पुढचे काम कुणालाही उचलता येते.

सूचना कुठे करायची, हेही सूचनेइतकेच महत्त्वाचे. एका लेखातली चूक त्याच लेखाच्या ‘चर्चा’ पानावर सांगावी. पण अनेक गावांचे लेख एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत, फक्त गावाचे नाव बदलते, ही तक्रार एका लेखापुरती नाही. ती चावडीवरच मांडायला हवी, आणि मांडताना पाच-सहा लेखांची नावे सोबत द्यायला हवीत. नाहीतर शितावरून भाताची परीक्षा केल्याचा आरोप येतो, आणि समूहाबाबत तो अनेकदा खराही असतो. एका सदस्याचा तुसडेपणा हा त्या माणसाचा स्वभाव असू शकतो. तो समूहाचा स्वभाव आहे असे म्हणायचे, तर काही दिवस तिथे वावरलेले असावे लागते. कान सोनाराने टोचावेत म्हणतात, ते उगीच नाही.

अर्थात सोनाराची अट फार ताणली तर ती गैरसोयीच्या माणसाला गप्प बसवण्याचे हत्यार होते. ‘आधी शंभर संपादने करा, मग बोला’ हा त्याचाच अवतार. जुन्यांची नजर सरावलेली असते. साच्यातल्या लेखांचे त्यांना काही वाटेनासे झालेले असते, आणि नव्या माणसाला मात्र ते पहिल्याच दिवशी खटकतात. त्याची भाषा आडमुठी असेल, त्याने सूचना चुकीच्या पानावर टाकली असेल. ती उचलून योग्य पानावर नेणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे. सूचना पटली नाही तर तसे कारणासह सांगावे. नकाराने माणूस दुखावतो, पण उत्तरच आले नाही की तो निघून जातो, आणि बिनपगारी समूहाला एकेक माणूस गमावणे परवडत नाही.

मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचा लेख उघडून पाहा. काहीतरी खटकेलच. वरती ‘लेख’ या शब्दाशेजारी ‘चर्चा’ असा दुवा आहे. त्यामागचे पान बहुधा कोरे असेल. पहिली ओळ तुम्ही लिहा, पान क्रमांकासह.