मुक्कामी गाडीतील झोप

एस.टी.च्या गाडीत डुलक्या घेणारा माणूस हा आपल्या पांढरपेशा समाजाच्या थट्टेचा विषय आहे. खिडकीच्या गजावर कपाळ टेकलेली मजूर स्त्री किंवा शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकलेला खाणकामगार दिसला की आळसाचे शेरे मारले जातात. वस्तुतः ही झोप म्हणजे श्रमाच्या हिशेबात न धरलेल्या तासांची पावती होय.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हा हिशेब अधिक स्पष्ट दिसतो. चंद्रपूर-बल्लारपूर परिसरातील कोळसा खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र पाळ्यांवर अहोरात्र चालतात. रात्रपाळीचा कामगार घरी पोचतो तेव्हा ऊन चढलेले असते. मे महिन्यात पारा 47-48 अंशांना भिडला की पत्र्याच्या घरात दिवसा झोप येणार कशी? जंगलपट्ट्यात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्यासाठी कुटुंबे पहाटेच्या अंधारात रानात शिरतात. तेथे दुपारची झोप ही चैन नव्हे. पुढे पुडकी बांधून संकलन केंद्रावर नेण्यासाठी लागणारे ते भांडवल असते. परंतु मजुरी पुडक्यांवर मिळते, आणि पाळीचे तास फाटकापाशी सुरू होऊन फाटकापाशीच संपतात. प्रवास, वाट पाहणे, जागरण हे सारे मजुराच्या खाती पडते.

जपानमध्ये आगगाडीतील डुलकीला ‘इनेमुरी’ असा स्वतंत्र शब्द असून ती कष्टाळूपणाची खूण मानली जाते. पण थट्टा काय किंवा कौतुक काय, दोन्हींनी थकवा भरून निघत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू गाडी चालविणाऱ्यांची आहे. रात्री गावी मुक्कामास जाणारी आणि पहाटे विद्यार्थी, रुग्ण, मजूर यांना घेऊन निघणारी गाडी हा या भागाचा आधार आहे. गडचिरोली जिल्हा 1982 साली निर्माण झाला. तरी वांगेतुरी-गर्देवाडा-गट्टा-अहेरी या मार्गावर एस.टी. धावण्यास 1 जानेवारी 2025 उजाडावा लागला. गाडी आली याचा आनंद आहेच. पण मुक्कामाच्या कित्येक गावी चालक-वाहक गाडीतील बाकांवर किंवा देवळाच्या ओसरीवर अंग टाकतात, आणि हिवतापासाठी राज्यात कुप्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात डासांशी झुंजत रात्र काढतात.

यावर कायदा मुका नव्हता. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 व आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, आणि कामगारांना जेथे रात्री थांबावे लागते तेथे विश्रांतिगृह वा अन्य योग्य सोय करण्याचे बंधन मालकावर टाकले. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. सहा दशकांत जे बंधन गावोगावी पोचले नाही, ते नव्या व्यवस्थेत निसटून जाणार नाही याची दक्षता कोण घेणार?

महामंडळ तोट्यात आहे, हे उत्तर ठरलेले असते. तोटा खोटा नाही. परंतु अपुऱ्या झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी पहाटे जंगलातील रस्ता कापणारा चालक हा खर्चच आहे. तो ताळेबंदात दिसत नाही एवढेच. अपघात झाला की तो प्रवाशांच्या प्राणांनी फेडावा लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. मुक्कामाच्या प्रत्येक गावी ग्रामपंचायतीच्या साहाय्याने एक खोली, पंखा, मच्छरदाणी, पाणी व शौचालय असावे. खाणी व कारखान्यांच्या पाळ्यांशी गाड्यांच्या वेळा जुळाव्यात. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील मुक्कामी गाड्यांची यादी करून कोठे कोणती सोय नाही हे नोंदवावे आणि आगारापुढे मांडावे. आठ तासांच्या कामासाठी कामगारवर्ग लढला. आठ तासांची विश्रांती हा त्याच मागणीचा भाग होता, याचा विसर पडता कामा नये.