पिवळा दिवा आणि स्वदेशीची कसोटी

तालुक्याच्या गावाबाहेर, महामार्गाला लागून असलेल्या गॅरेजचे चित्र महाराष्ट्रात सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. पत्र्याची शेड, भिंतीवर विश्वकर्म्याची तसबीर, ऑइलने काळवंडलेली जमीन आणि बॉनेटखाली वाकलेला मालक. दारात एक मोटार येऊन थांबते. गाडी चालते आहे, आवाज नाही, धूर नाही. फक्त चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला आहे आणि पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त लागते आहे. नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे सांगणारा हा कारागीर त्या दिव्यापुढे मात्र थबकतो. मग दोहोंपैकी एक घडते. ‘सेन्सर गेला असेल’ अशा अंदाजाने एक महागडा सुटा भाग बदलला जातो, किंवा गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी कंपनीच्या सेवाकेंद्राकडे रवाना होते. पहिल्या प्रकारात गिऱ्हाईक नागवले जाते, दुसऱ्यात कारागिराचे काम जाते. वरवर पाहता प्रश्न एका सुट्या भागाचा आहे. मुळात तो ज्ञान कोणाच्या हाती असावे, याचा आहे.

ज्याच्यावर बहुतेक वेळा हा आळ येतो, तो ऑक्सिजन सेन्सर दिसायला स्पार्क प्लगचा भाऊ शोभतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो १९७६ साली व्होल्वो मोटारींसाठी प्रथम बाजारात आणला. त्याच्या पोटात झिर्कोनियम डायऑक्साइडची चिनी मातीसारखी टोपी आणि तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. टोपीच्या एका अंगाला इंजिनातून निघालेला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. सुमारे ३०० अंशांच्या पुढे ती तापली, की दोन्ही बाजूंच्या प्राणवायूतील फरकामुळे विजेचा सूक्ष्म दाब निर्माण होतो. धुरात प्राणवायू कमी उरला, म्हणजे पेट्रोल जास्त झाले, तर हा दाब ०.९ व्होल्टच्या आसपास जातो; प्राणवायू जास्त उरला, तर ०.१ पर्यंत उतरतो. त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोलचे माप क्षणोक्षणी सुधारत राहतो. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हे ते माप. ते साधले तरच सायलेन्सरच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचे रूपांतर नीट करू शकतो.

भारतात कन्व्हर्टरची सक्ती १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींपासून सुरू झाली. शिसे या सेन्सरलाही मारक आणि कन्व्हर्टरलाही. त्यामुळे २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ही त्या वाटेवरची मोठी पायरी होती. २०१७ मध्ये भारत स्टेज चारची मानके देशभर लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून पाचवी पायरी वगळून थेट सहावी गाठली गेली. भारताने हा पल्ला स्वतःच्या निश्चयाने गाठला, याचा अभिमान रास्तच आहे. मात्र गाड्या ज्या वेगाने बदलल्या, त्या वेगाने त्या दुरुस्त करणाऱ्या हातांपर्यंत विद्या पोहोचली का, हे कोणी विचारले नाही.

ही विद्या अवघड आहे काय? मुळीच नाही. पहिली पायरी ओळखण्याची. कन्व्हर्टरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला असतो तो पहिला सेन्सर. पलीकडे असतो तो दुसरा. पहिला पेट्रोलचे माप ठरवायला मदत करतो, दुसरा कन्व्हर्टरच्या कामावर पहारा ठेवतो. इंजिनाला सिलिंडरच्या दोन रांगा असतील, तर एक क्रमांकाचा सिलिंडर ज्या रांगेत, ती पहिली ‘बँक’. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या लहान मोटारींत रांग एकच असल्याने घोळ आणखी कमी होतो. स्कॅनरवर पी ०१३५ हा संकेतांक आला, तर तक्रार पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या मंडलाची. पी ०१४१ आला, तर दुसऱ्याच्या. एवढे माहीत असले, तरी चुकीचा सेन्सर खोलण्याचा प्रमाद टळतो.

दुसरी पायरी निदानाची, आणि खरी चूक तेथेच होते. सेन्सर हा साक्षीदार आहे. धुरात प्राणवायू जास्त आहे, अशी साक्ष त्याने दिली, म्हणून तोच दोषी ठरत नाही. पी ०१७१ हा संकेतांक मिश्रणात हवा जास्त झाल्याचे सांगतो. त्याचे कारण फाटलेली व्हॅक्यूमची नळी, कमी पडणारा पेट्रोलचा दाब किंवा सेन्सरच्या अलीकडे फुटलेले गॅस्केटही असू शकते. पी ०४२० कन्व्हर्टर थकल्याचे सुचवतो. तेथे सेन्सर बदलून हाती काहीच लागत नाही. जुन्या घडणीच्या पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनावर सतत वर-खाली झाला पाहिजे आणि दुसऱ्याचा बराचसा स्थिर राहिला पाहिजे. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला, तर संशय कन्व्हर्टरवर जातो. नव्या गाड्यांतील पाच-सहा वायरींच्या सेन्सरला हा नियम लागू नाही. हीटरचा तपास तर साध्या मल्टिमीटरने होतो: रोध काही ओहम आला तर तार शाबूत, काहीच न दाखवला तर तार तुटली. साक्षीदार बदलून खटल्याचा निकाल लागत नाही, हे ज्याला उमगले, तो गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचवतो.

तिसरी पायरी बदलण्याची. सायलेन्सर कोमट असताना, मुरणारे तेल सोडून, वायर जाण्यासाठी खाच असलेल्या बावीसच्या सॉकेटने बहुतेक सेन्सर निघतात. जबरदस्ती केली तर आटे जातात आणि स्वस्त काम महाग होते. नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीने लेप दिलेला नसेल तर तो लावावा, पण टोकाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. साधे सिलिकॉनही त्याला विषासमान असते. वायरींच्या रंगांवर विसंबू नये. एका पद्धतीत काळी वायर संदेशाची असते, तर दुसऱ्या पद्धतीत तीच हीटरची. शक्यतो त्याच गाडीच्या क्लिपचा सेन्सर घ्यावा.

दहावी झालेल्या मुलाला समजेल असे हे ज्ञान आहे. मग ते गॅरेजपर्यंत का पोहोचत नाही? एक कारण कंपन्यांच्या धोरणात आहे. अस्सल सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यांत विदेशी कंपन्या होत्या, तशा देशीही होत्या. पुढे या आदेशावर अपिले झाली. पण आयोगाने बोट ठेवलेली व्यथा खोटी नव्हती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचाही समावेश केला, हे स्वागतार्हच. अर्धवट माहितीच्या हातांनी काम बिघडते, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे, पण त्यावरचा उपाय माहिती पूर्ण देणे हा आहे; ती कुलुपात ठेवणे हा नव्हे.

दोष एकाच बाजूला नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दिवा विझावा म्हणून दुसऱ्या सेन्सरखाली नळीचा तुकडा घालून संगणकाला फसवणारे, कन्व्हर्टर काढून भंगारात विकणारे काही महाभागही याच व्यवसायात आहेत. त्यांनी सोडलेला धूर कोणा परक्याच्या देशात जात नाही. तो त्यांच्याच गावातील शाळेच्या दारात उतरतो. विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली बसून हे करणे म्हणजे त्याच्याशी केलेली प्रतारणाच आहे.

स्वदेशीचा विचार येथे कसाला लागतो. दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघ उभा केला आणि विश्वकर्मा जयंतीला श्रमिकांच्या दिवसाची प्रतिष्ठा दिली, त्यामागे कारागिराचा हात आणि त्याची बुद्धी वेगळी मानू नये, अशी धारणा होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर घडवला. परकीय यंत्र उघडून, समजून घेऊन, स्वतःच्या मातीला साजेल असे करणे ही ती परंपरा. सुट्या भागाच्या खोक्यावर कोणत्या देशाचे नाव छापले आहे, एवढ्यापुरती स्वदेशी संपत नाही. बिघाड कोणी ओळखायचा आणि कोणी दुरुस्त करायचा, हे परक्याने ठरवले तर खोक्यावरचे नाव देशी असून काय उपयोग?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा अठरा व्यवसायांचा समावेश झाला. परंपरागत कारागिरांचा तो उचित सन्मान होय. त्या यादीत मोटारीचा मेकॅनिक नाही. एकोणिसावा विश्वकर्मा म्हणून त्याचा विचार सरकारने अवश्य करावा. परंतु सर्व काही सरकारवर सोडणे ही संघटित समाजाची रीत नव्हे. तालुक्यातील दहा गॅरेजवाल्यांनी मिळून एक चांगला स्कॅनर घ्यावा; आयटीआयच्या निदेशकांनी रविवारी दोन तास त्यांना द्यावेत; संकेतांकांची आणि वायरींच्या रंगांची सोपी मराठी पुस्तिका कोणा अभियंत्याने सिद्ध करावी. गिऱ्हाइकानेही ‘दिवा घालवा’ असे न म्हणता ‘कारण दाखवा’ असा आग्रह धरावा.

तो पिवळा दिवा गाडीच्या मालकासाठी लागतो, अशी समजूत आहे. खरे पाहता तो साऱ्या समाजासाठी लागलेला आहे. तंत्र हाती आले, पण त्याची विद्या अजून हाती आलेली नाही, एवढेच तो सांगतो आहे. तो फसवून विझवायचा की समजून घेऊन, याचे उत्तर महामार्गालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्येच द्यावे लागेल.