बेगमी वादळाची

वैशाख आला की आपणा बायकांच्या मागे एकच धोशा लागतो, बेगमीचा. पापड झाले का, कुरडया वाळल्या का, मिरच्या कुटून आल्या का, आमसुलांना पुरेसं ऊन मिळालं का! आमच्या कोकणात तर मृगाच्या आत सगळं डबाबंद झालंच पाहिजे, असा सासूबाईंचा दंडक. तीस वर्षं मी तो इमानानं पाळला आणि माझ्यासारखी टापटिपीची गृहिणी आळीत दुसरी नाही, असा माझा (मनातल्या मनात हं!) समजही होता.

तो समज ३ जून २०२० या दिवशी उतरला. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं. आमचं घर त्याच टापूत. ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरचा वारा म्हणजे काय, ते मी कागदावर सांगू शकणार नाही. माड कमरेतून मोडत होते, सुपारीची बाग डोळ्यांदेखत आडवी झाली, आणि कौलं तर पत्त्यांसारखी उडाली. घरातली सगळी माणसं माजघरात एकमेकांना धरून बसलो होतो.

जीव वाचले, देवाची कृपा. पण खरी परीक्षा पुढेच होती. वीज गेली ती आमच्या आळीत एकविसाव्या दिवशी आली. आता बघा, पापड होते चार डबे, पण तळायला गॅस पेटवावा तर लायटर बिघडलेला आणि काड्यापेटी ओली. टॉर्च होता, त्यातले सेल फुटून आत पांढरी भुकटी साचलेली. विहीर तुडुंब, पण पाणी चढवायचा पंप विजेचा, आणि रहाट आम्हीच मागे हौसेनं काढून टाकलेला. मोबाइलचे मनोरे पडलेले, त्यामुळे मुंबईला लेकीला ‘आम्ही बरे आहोत’ एवढं कळवायलाही पाच दिवस लागले. बँकेत पैसे होते, पण यंत्रं बंद, आणि पाकिटात दोनशे रुपये! आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे सासूबाईंचं इन्शुलिन. फ्रिजमध्ये तीन बाटल्या, आणि फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालेलं.

तेव्हापासून मी पापड-कुरडयांच्या जोडीला दुसरी एक बेगमी करते, वादळाची. तिची कृती आज देते आहे. समुद्रकाठी राहत नसाल तरी वाचा. वळवाच्या पावसात झाड तारेवर पडलं, तर दोन दिवस अंधार कुठल्याही गावी होतो.

पाणी

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसांच्या घराला आठवड्याचं झालं एकशे चाळीस लिटर. वापरायचं पाणी वेगळं. इशारा आला की आधी गच्चीवरची टाकी भरून घ्यावी, मग पिंपं, घागरी, पातेली, बादल्या. सगळ्यांवर झाकणं हवीत, नाहीतर डासांची पैदास घरातच! विहीर असेल तर रहाट आणि पोहरा कधीही मोडीत काढू नका. वादळानंतर विहिरीत पाला, माती, काय काय पडतं. ते पाणी आधी चार पदरी फडक्यातून गाळा, मग खळखळ उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट तरी उकळू द्या. विहिरीत टीसीएल पावडर टाकायची असेल तर ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य खात्याच्या माणसाकडूनच टाकून घ्यावी, आपल्या अंदाजानं नको.

उजेड

माणशी एक टॉर्च ही चैन नाही बरं का. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नयेत, ते फुटतात आणि टॉर्चही जातो. सेल वेगळ्या डबीत ठेवावेत आणि डबीवर आणल्याची तारीख लिहावी. रॉकेल आता पूर्वीसारखं मिळत नाही, तेव्हा कंदिलावर विसंबू नका. उन्हावर चार्ज होणारा एखादा दिवा घेऊन ठेवा. मेणबत्ती लावायची तर ताटलीत थोडं पाणी घालून मधोमध उभी करावी. मच्छरदाणी आणि पडद्यांपासून ती लांब हवी, आणि झोपताना विझवलीच पाहिजे. काड्यापेट्या दोन, घट्ट झाकणाच्या डब्यात.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी थोडं गणित करावं. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे कागदावर अठराशे वॉट-अवर. हाती बाराशेच येतील असं धरा. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, एलईडी दिवा नऊ. दोन पंखे आणि तीन दिवे लावलेत तर सहा-सात तासांत सगळं संपलं. तेच पंखे बंद ठेवून संध्याकाळी चार तास दोन दिवे लावलेत आणि बाकीच्या वेळी इन्व्हर्टर बंद केलात, तर कितीतरी दिवस निघतात. आमच्याकडे पहिल्याच रात्री सगळे पंखे गरगरत होते! बॅटरीतलं पाणी मे महिन्यात तपासून घ्या, आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नव्हे.

स्वयंपाकघर

सिलिंडर संपत आला असेल तर वादळाची वाट न पाहता नोंदवा. मिक्सर चालणार नाही हे लक्षात ठेवून जिन्नस भरा. कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी, पातळ पोहे, दूध पावडर, कांदे-बटाटे. पिठलं-भात आणि आमसुलाचं सार यांना पाटा-वरवंटाही लागत नाही. फणसाच्या आठळ्या असतील तर मुलं खूष. डाळ-तांदूळ जमिनीवर न ठेवता फळीवर चढवा.

फ्रिज सारखा उघडू नका. बंद ठेवला तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. डीप फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक. म्हणून इशारा आला की रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवायला ठेवाव्यात. त्या गारवा धरतात, आणि वितळल्यावर प्यायला होतात. मासे, दूध, शिजलेलं अन्न आधी संपवा. वासावरून ‘चालेल गं’ म्हणू नका. त्या दिवसांत घरात एकाला जरी जुलाब लागले तरी डॉक्टरपर्यंत पोचायला रस्ता असेलच असं नाही.

औषधं

रक्तदाब, साखर, दमा, थायरॉइड, ज्याची जी गोळी असेल ती निदान पंधरा दिवसांची शिलकीत हवी. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, तापाची गोळी, पट्ट्या, आणि आपल्या महिन्याच्या दिवसांचं सामान. हे शेवटचं आपणच विसरतो, हो ना?

इन्शुलिनचं सांगते. वापरायला काढलेली बाटली बहुधा चार आठवडे खोलीच्या साध्या हवेत चालते, न फोडलेल्या बाटल्यांना मात्र गारवा हवा. आम्ही त्या प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत घालून माठातल्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. पावसाळी दमट हवेत माठ उन्हाळ्याइतका गार होत नाही, तरी खोलीपेक्षा बरा. बर्फाला बाटली चिकटू देऊ नये, गोठलेलं इन्शुलिन फुकट जातं. तुमच्याकडे कुणाला इन्शुलिन असेल तर डॉक्टरांना आजच विचारून ठेवा की, वीज नसेल तर किती दिवस आणि कसं ठेवायचं. वीज येईपर्यंत मी त्या माठाकडे देव्हाऱ्याकडे पाहावं तशी पाहत होते.

वारा सुटल्यावर

माडाच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ मे महिन्यातच उतरवून घ्यावेत. पत्र्यांचे हूक घट्ट करून घ्या. अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या, घमेली आत आणा, वाऱ्यात त्या तोफगोळ्यासारख्या येतात. गाडी झाडाखाली नको. घरात सर्वांत मधली, पक्क्या छपराची खोली बसायला निवडा.

आणि एक गोष्ट मुलांनासुद्धा सांगून ठेवा. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो. आमच्या शेजारचे काका ‘संपलं एकदाचं’ म्हणून कौलं गोळा करायला बाहेर पडले होते. सासूबाईंनी अशी हाक मारली त्यांना, की बिचारे धावतच आत आले. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेनं सुटला आणि ते उभे होते तिथेच आंब्याची फांदी कोसळली.

पडलेली तार जिवंतच आहे असं समजावं. गावात वीज नसली तरी कुणाच्या जनरेटरची वीज उलटी तारेत येते. जवळ जायचं नाही, काठीनं ढोसायचं नाही. वीज कंपनीला १९१२ या क्रमांकावर कळवावं. जनरेटर घरात, पडवीत किंवा खिडकीशी लावू नये, आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातो.

वीज गेली की टीव्ही, फ्रिज, पंप यांची बटणं बंद करा, एकच दिवा चालू ठेवा, म्हणजे वीज आल्याचं कळेल. बोर्डात पाणी गेलं असेल तर मेन स्विच बंद, आणि वायरमननं पाहिल्याशिवाय सुरू करायचा नाही. ओल्या हातानं किंवा पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावू नये. तो कुठे आहे आणि कसा बंद करतात, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असलं पाहिजे. मला लग्नानंतर तीस वर्षांनी ठाऊक झालं!

कपाटावरचा कागद

आता सर्वांत महत्त्वाचं. निसर्गच्या त्या रात्री आमचे हे दर पाच मिनिटांनी ओरडत होते, “अगं, मेणबत्त्या कुठे आहेत? अगं, दोरी कुठे?” मीच धावत होते. कारण घरातलं सगळं माझ्या डोक्यात, दुसऱ्या कुणाला काही म्हणजे काही ठाऊक नाही. आपल्याला त्याचा अभिमानही वाटतो, खोटं कशाला बोला.

त्या पावसाळ्यानंतर मी एक कागद लिहिला. काय कुठे आहे, कुणाचं औषध किती वाजता, कुणाला फोन करायचा (सगळे क्रमांक अंकांत, कारण मोबाइल बंद पडला तर पाठ कुणालाच नसतात), सुट्टे पैसे कुठल्या डब्यात, रेशनकार्ड आणि घराची कागदपत्रं कुठल्या पिशवीत. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मुलगा हसला, “आई, आम्ही काय पाहुणे आहोत का?”

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मला कोरोना झालेला. मागच्या खोलीत एकटी, ताप एकशे दोन, दार बंद. बाहेर वारा घोंघावतोय आणि दिवे गेलेले. मी कान देऊन पडले होते, आता हाक येईल, ‘अगं, कुठे आहे?’ हाक आलीच नाही. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं दाराच्या फटीतून उजेड दिसला, आणि मुलगा बाहेरून म्हणाला, “आजीचं इन्शुलिन माठात ठेवलंय, सात वाजताचं दिलंय. तू झोप.” त्या तापातही मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

तेव्हा मैत्रिणींनो, हा कागद आधी लिहा, बाकीचं हळूहळू जमवा. वर्षातून दोनदा डबा उघडून सेल, गोळ्या, तारखा पाहायच्या. एकदा रोहिणी लागण्यापूर्वी, एकदा दसऱ्याच्या साफसफाईत. पावसाळा सरला म्हणजे भीती सरली असं नाही, ‘फयान’ आलं होतं ते २००९ च्या नोव्हेंबरात, दिवाळी उलटल्यावर. डबा तपासताना घरातल्या एकाला तरी शेजारी बसवून घ्या. आमच्याकडे आता ते काम ह्यांचं आहे, आणि मागच्या खेपेला त्यांनी मलाच विचारलं, “टॉर्चचे सेल कुणी गं काढले घड्याळात घालायला?”

मीच काढले होते. दुसऱ्या दिवशी नवे आणून ठेवले.