पाठीला भोपळा, नावावर विक्रम

माणसानं पाण्यात उतरताना अंगावर किती कापड ठेवावं, हा प्रश्न आमच्या कोल्हापूरकडे कधी कुणाला पडला नाही. विहिरीच्या काठावर कपडे काढायचे, ते वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचा आणि लंगोटावर नाहीतर पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर धाडदिशी उडी टाकायची. उडीनंतर चड्डी जागेवर राहिली तर उत्तम; नाही राहिली तर पोहणाऱ्यानं जरा जास्त वेळ पाण्यात काढायचा. पोशाखाचा आणि पोहण्याच्या वेळेचा आमच्याकडे एवढाच काय तो संबंध.

जगात मात्र या प्रश्नावर रणं माजली, ठराव झाले, मतदान झालं. आणि एवढं होऊनही शेवटी हिशेब चुकीचाच राहिला, अशी माझी तक्रार आहे. मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. पोहण्यातला मी कुणी तज्ज्ञ नव्हे. पण चुकीच्या खात्यात पडलेली रक्कम मला दहा फुटांवरून दिसते.

पूर्वी तक्रार असायची ती कापड कमी पडल्याची. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलीनं २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्णपदक जिंकलं, तर तिच्या पोशाखातून खांद्यांची हाडं जरा जास्तच दिसतात म्हणून तिच्याविरुद्ध हरकत घेतली गेली. हरकत टिकली नाही, पदक टिकलं. पुढे १९७२ साली म्युनिकला मार्क स्पिट्झ एका इवल्याशा चड्डीवर सात सुवर्णपदकं घेऊन गेला. सातही शर्यतींत विश्वविक्रम! डोळ्यांवर गॉगल नाही, डोक्याला टोपी नाही आणि नाकाखाली भरघोस मिशी. एका रशियन प्रशिक्षकानं मिशीबद्दल विचारलं, तेव्हा यानं थाप ठोकून दिली की, मिशीमुळे पाणी तोंडापासून बाजूला जातं आणि वेग वाढतो. पुढच्या वर्षी रशियाची झाडून सगळी पोरं मिश्या राखून आली, असं स्पिट्झच सांगतो. खरंखोटं त्याची मिशी जाणे. माझा मुद्दा एवढाच की, मिशी ही ज्याची त्याची असते. ती उगवायला नासाची मदत लागत नाही.

नासाचं नाव उगीच घेतलं नाही. सन २००० च्या सुमाराला शार्कच्या कातडीवरून सुचलेले अंगभर पोशाख आले. सिडनीला इयान थॉर्प मनगटापासून घोट्यापर्यंत काळ्या कापडात शिरून पोहला. तिथवर ठीक होतं. मग फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडो कंपनीनं 'एलझेडआर रेसर' नावाचा पोशाख बाजारात आणला. त्याची कापडं नासाच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घेतली होती. म्हणजे चंद्रावर माणूस पाठवणाऱ्यांनी आता पोहण्याचे कपडे पसंत करायला घेतले होते! त्याला सुईदोऱ्याची शिवण नाही; कापडाचे जोड ध्वनिलहरींनी चिकटवलेले. वर पॉलियुरेथेनचे पट्टे. किंमत साडेपाचशे डॉलरच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या भावानं बावीस-तेवीस हजार रुपये. आणि हा पोशाख काही थोड्या शर्यतींपुरताच टिकायचा. त्या पैशांत आमच्या शाखेतल्या सगळ्या पुरुषांचे दिवाळीचे कपडे होऊन वर मिठाईचे पुडे आले असते.

तो अंगात चढवायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागे, मदतीला माणूस लागे तो वेगळाच. दोनदा आटलेल्या अभ्र्यात नवी कोरी उशी कोंबताना आमच्या सौ.ची जी अवस्था होते, तीच तिथं प्रशिक्षकांची होत असणार. फरक इतकाच की उशी कुरकुरत नाही.

एवढी यातायात कशासाठी? तर हा पोशाख तीन कामं करायचा. अंगावरून पाणी सरसर घसरवायचा, शरीर आवळून चापूनचोपून गुळगुळीत करायचा आणि माणसाला पाण्यात किंचित वर उचलून धरायचा. यातलं तिसरं काम आमच्या ओळखीचं आहे. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधत. तो पोराला तरंगत ठेवी. पण भोपळा बांधलेल्या पोरानं "मी विहिरीत पहिला आलो" असं म्हटलं असतं, तर काकांनी भोपळा सोडून घेऊन त्याला पुन्हा विहिरीत ढकललं असतं. या लोकांनी भोपळाच अंगभर फासला आणि वर घड्याळ लावून विक्रम मोजले.

दुसरं कामही साधं नव्हतं. ज्याच्या अंगावर थोडं मांस जास्त, थोडी चरबी सैल, त्याला आवळून घेण्याचा फायदा जास्त. वर्षानुवर्षं पहाटे उठून अंग सडपातळ ठेवणाऱ्याला कमी. चाळिशी उलटलेल्या आणि खुर्चीत बसून ढेरी कमावलेल्या माझ्यासारख्यानं खरं तर या पोशाखाचा झेंडा खांद्यावर घ्यायला हवा. स्वतःच्या हिताविरुद्ध लिहितो आहे, हे वाचकांनी नोंदवून ठेवावं.

आता आकडे बघा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहण्यात २५ विश्वविक्रम झाले. त्यांतले २३ या एकाच पोशाखात. मग दुसऱ्या कंपन्या का मागे राहतील? त्यांनी अख्खा पोशाखच पॉलियुरेथेनचा केला. २००९ च्या जुलैत रोमला जागतिक स्पर्धा झाली आणि आठ दिवसांत ४३ विश्वविक्रम पडले. दर दिवशी पाचांहून जास्त! आमच्याकडे ३१ मार्चला ठेवींचे आकडे असे फुगतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तितक्याच वेगानं ओसरतात. त्याला कुणी प्रगती म्हणत नाही. त्याला सूज म्हणतात.

त्या रोममध्ये पॉल बीडरमान नावाच्या जर्मन गड्यानं २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये साक्षात मायकेल फेल्प्सला हरवलं. वेळ १ मिनिट ४२.०० सेकंद. हाच बीडरमान आदल्या वर्षी बीजिंगमध्ये याच शर्यतीत १:४६.०० घेऊन पाचवा आला होता. एका वर्षात चार सेकंद! पोशाखानं फरक पडतो हे त्यानं स्वतःही लपवलं नाही, ही त्याची सचोटी. पुढे २०११ साली शांघायला, पोशाख गेल्यावर, तो १:४४.८८ मध्ये तिसरा आला. फेल्प्स त्याच्या पुढे दुसरा. जगात तिसरा येणारा माणूस लेचापेचा नसतो. म्हणूनच मला त्याच्यासाठी वाईट वाटतं. त्या चार सेकंदांत त्याच्या छातीचे किती आणि कापडाचे किती, हे आता त्यालाही कधी कळायचं नाही. फेल्प्सचं त्या दिवशी एक सुवर्णपदक गेलं. बीडरमानचा स्वतःच्या विजयावरचा हक्क गेला. या पोशाखानं हरणाऱ्याला लुटलं ते लुटलंच, जिंकणाऱ्यालाही सोडलं नाही.

हे सगळ्यांत आधी ओळखलं ते जपानच्या कोसुके कितजिमानं. २००८ च्या जूनमध्ये सगळे पोशाखाबद्दलच बोलतात म्हणून वैतागून तो छातीवर 'पोहणारा मी आहे' अशा अर्थाचा मजकूर छापलेला टी-शर्ट घालून आला. मग त्याच पोशाखात पोहून त्यानं २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम केला! बिचारा करणार काय? शेजारच्या आठव्या लेनपर्यंत सगळ्यांनी भोपळे बांधल्यावर एकट्यानं लंगोट लावून हरण्यात कसला आलाय मोक्ष?

माझा मेव्हणा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणतो, "दाजी, तुम्ही मागासलेले आहात. पोल व्हॉल्टचा बांबू जाऊन फायबरग्लास आला, टेनिसची लाकडी रॅकेट गेली. तुम्ही तरी बँकेत अजून लेजर हातानं लिहिता का? मग पोहणाऱ्यांनीच काय घोडं मारलंय?"

प्रश्न चोख आहे, उत्तरही चोख देतो. पोल व्हॉल्टमध्ये पोल हा खेळाच्या नावातच आहे. टेनिस रॅकेटशिवाय होत नाही. पोहायला मात्र पाणी आणि माणूस एवढंच लागतं. गॉगलनं समोरचं दिसतं, भिंतीवरच्या पट्टीनं वेळ अचूक कळते. ती साधनं पोहत नाहीत. हा पोशाख पोहत होता. बँकेतल्या कॉम्प्युटरचं म्हणाल, तर तो माझी बेरीज करतो, पण खातेदाराच्या खात्यात पदरचे शंभर रुपये टाकत नाही. टाकायला लागला, तर त्याला आपण प्रगती म्हणणार नाही, पोलिसांना बोलावू.

आणि आमच्या खासबाग मैदानात विचारा. पैलवान अंगाला तेल चोपडून आला, तर समोरच्याची पकड सुटेल, कुस्ती झटक्यात निकाली होईल. तरी त्याला कुणी "वा, काय तंत्रज्ञान!" म्हणणार नाही. लाल माती अंगाला लावायची ती पकड मिळावी म्हणून. लंगोट हा तिथं गरिबीचा पोशाख नाही. तो करार आहे. माझ्याकडे जे आहे ते एवढंच आहे आणि तुझ्याकडेही एवढंच आहे, असा.

पोहण्याच्या जागतिक संघटनेला, म्हणजे तेव्हाच्या फिनाला, हे उशिरा का होईना पटलं. रोमलाच त्यांच्या बैठकीत १६८ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला आणि १ जानेवारी २०१० पासून नियम बदलले. पोशाख फक्त विणलेल्या कापडाचा, पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंत, बायकांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि चेन वगैरे काही नाही. जुनी इवलीशी चड्डी काही परत आली नाही, आणि गुडघ्यापर्यंतच्या आजच्या चड्डीची किंमत ऐकूनही बापाच्या पोटात गोळा येतोच. पण भोपळा सुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्वांगझूच्या एशियाडमध्ये आमच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांची वेळ देऊन ब्राँझपदक आणलं. पोहण्यात देशाला २४ वर्षांनी मिळालेलं एशियाडचं पदक! पुढे तो महाराष्ट्र सरकारात तहसीलदार झाला. त्या २४.३१ सेकंदांतला एकही शतांश कापडाच्या नावावर लावता येत नाही, हे महसूल खात्याच्या दृष्टीनंही समाधानकारक आहे.

मग माझी तक्रार काय? तक्रार अशी की, पोशाख बंद केला, पण त्या पोशाखातले विक्रम तसेच पुढच्या पानावर ओढले. नोटा बाद झाल्या आणि बाद नोटांनी भरलेली शिल्लक मात्र कायम! याचा भुर्दंड कुणी भरला? अमेरिकेच्या केलेब ड्रेसेलनं २०१९ साली १०० मीटर फ्रीस्टाइल गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत ४६.९६ सेकंदांत मारली. विक्रम नाही, कारण वहीत सेसार सिएलोचे २००९ चे ४६.९१ होते. तो आकडा पुसायला २०२२ साल उजाडावं लागलं. रुमानियाच्या डेव्हिड पोपोविचीनं त्याच रोमच्या तलावात ४६.८६ दिले. बीडरमानचा ४०० मीटरचा विक्रम २०२५ च्या एप्रिलमध्ये मोडला, सोळा वर्षांनी. २०० मीटरचा तर त्याच वर्षीच्या सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेतही अभंग राहिला. या मधल्या वर्षांत किती पोरं आपापल्या हाडामांसावर जगात सगळ्यांत वेगानं पोहून गेली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघून मान खाली घालून बाहेर आली! त्यांच्या नावावर जमा व्हायला हवं होतं ते झालंच नाही.

माझी सूचना साधी आहे. ते विक्रम खोडू नका. पोहणाऱ्यांनी फसवणूक केलेली नाही; त्या वेळच्या नियमांत बसूनच ते पोहले. पण बँकेत एखादी रक्कम आली आणि नेमकी कुणाची हे ठरवता येईना, तर आम्ही ती कुणाच्याही खात्यावर दडपून देत नाही. ती सस्पेन्स खात्यात ठेवतो. २००८ आणि २००९ चे पोशाखी विक्रम तसेच वेगळ्या पानावर घ्या, शेजारी कापडाचं नाव लिहा आणि उरलेली वही माणसांसाठी मोकळी करा.

आमच्या शाखेत साडेसदतीस रुपयांची एक रक्कम बरीच वर्षं सस्पेन्समध्ये पडून आहे. दर ऑडिटर येतो, तिच्याकडे बघतो, सुस्कारा टाकतो आणि पुढे जातो. पण आजवर त्या साडेसदतीस रुपयांना कुणी मायकेल फेल्प्सहून मोठं म्हटलेलं नाही.